निव्वळ वजन

इमारतीला गिलावा नव्हता.
काळाचौकीने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं
की गिलाव्याचे पैसे कुणीतरी खाल्ले.
मी रुजू झाले तेव्हाही कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणाली,
"त्या बोडक्या हापिसात लागलीस होय?"

पाटीवर नाव मापन भवन. आठ मजले, करडे,
उन्हाला अडवायला काँक्रीटचे उभे पंख.
त्यांनी ऊन अडवलं, वाराही अडवला,
कबुतरांना मात्र कधी अडवलं नाही.
नकाशा कुणा जाल पंथकींचा.
उद्घाटनाला मंत्री म्हणे विचारते झाले, रंग कधी देणार?
पंथकी म्हणाले, साहेब, दिलाय तो.

शिपाई धुळपने एकदा मला जिन्यात थांबवलं.
"हात लावा भिंतीला."
काँक्रीटमध्ये लाकूड होतं.
म्हणजे रेघा, गाठी, एका जागी खिळ्याचं डोकं,
आणि डागलेली अक्षरं, आरशातल्यासारखी उलटी,
गोदीतल्या खोक्यांच्या फळ्या शटरिंगला वापरलेल्या.
त्याचे वडील सुतार होते त्या कामावर.
फळ्या नंतर मजुरांच्या चुलीत गेल्या.
"बापाची सही आहे," तो म्हणाला,
आणि लगेच, "चहा आणू का?"

तळघरात काचेच्या घुमटीखाली प्रमाण किलो.
पितळेचा, चिकूएवढा.
त्याला बोट लावायचं नाही, घामालाही वजन असतं.
त्याच्यावरून जिल्ह्याचे किलो,
जिल्ह्याच्या किलोवरून बाजारातले,
असं उतरत उतरत त्याच भाजीवालीच्या पारड्यापर्यंत,
ज्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच मला सापडली.
मी पंचनामा केला.
त्यानंतर तिने मला कढीपत्ता कधी फुकट दिला नाही.

पुढे पाणी झिरपू लागलं.
लोखंड गंजलं की फुगतं, आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं.
पोटात एक ओठात एक असं त्या इमारतीचं नव्हतंच,
शेवटी पोटातल्या सळ्याही तोंडावर आल्या.
दुरुस्तीची फाइल अकरा वर्षं फिरली.
एका शेऱ्यात कुणीतरी लिहिलं होतं,
"मुळात गिलावा केला असता तर."

मग धोकादायक म्हणून फलक लागला.
प्रमाण किलो पहिला बाहेर निघाला,
दोन पोलीस, जीप, अधिकाऱ्याच्या मांडीवर उशी.
माणसं नंतर, टेम्पोने, आपापली कपाटं धरून.

पाडकाम मी पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसून पाहिलं.
लांब मानेचं यंत्र आधी पंख खात गेलं.
दुपारपर्यंत आठव्या मजल्यावरचं बायकांचं प्रसाधनगृह
सगळ्या रस्त्याला दिसू लागलं,
ज्याच्या कडीसाठी मी तीन अर्ज केले होते.
धुळप नाही आता. त्याचा जिना
कुठल्या ढिगात गेला ते मला ओळखता आलं नाही.

सळ्या दारूखान्याला चालल्या होत्या.
वजनकाट्यावर ट्रक चढला, आणि सवय जात नाही,
मी काट्यावरची मुद्रा पाहिली,
मुदत संपून सात महिने झालेले.
तक्रार कुणाकडे करणार?
तपासणारं खातं तर ट्रकमध्ये होतं.
काटेवाल्याने पावती फाडली. एकूण. रिकामा ट्रक.
निव्वळ, नऊ हजार चारशे वीस.
इतकी वर्षं त्या घरात बसून आम्ही जगाची वजनं केली,
घराचं वजन विचारायचं राहूनच गेलं.

निघताना एक तुकडा पिशवीत टाकला, रेघांचा, गाठ असलेला.
कोपऱ्यावर आता भाजीवालीची सून बसते,
इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन.
तिने न विचारताच तुकडा काट्यावर ठेवला.
आकडे हलले, थांबले.
"सातशे ऐंशी," ती म्हणाली. "बोडकंच ना हे?"

मी वाकून काट्याखाली पाहिलं नाही.